एक वाजून सात मिनिटांनी

कागदावर चारच ओळी होत्या. खाली सहीसाठी जागा सोडलेली आणि तिथे पेन्सिलीने बारीकशी फुली, मला जागा शोधायचाही त्रास पडू नये म्हणून.

"सदर दिवशी गॅस इशारा प्रणाली पूर्णपणे चालू स्थितीत होती. प्रणालीत कोणताही दोष आढळला नाही. भोंगा न वाजण्याचे कारण भोंग्याचा स्विच बंद ठेवला गेला असावा हे होय." चौथ्या ओळीत माझं नाव, माझा हुद्दा आणि मी जिथे काम करते त्या पुण्याच्या कंपनीचं नाव.

स्विच ज्यांनी बंद ठेवला असं हा कागद सुचवत होता, ते माझे वडील. त्यांचा दहावा आदल्या दिवशी झाला होता.

"निवांत वाचा ताई, घाई न्हाई," हौसराव म्हणाले. यवतच्या अलीकडे हायवेला लागून दूध थंड करायचं जे केंद्र आहे, त्याचे ते मॅनेजर. "फक्त फॅक्टरी इन्स्पेक्टर सायेब बाराला येणारेत. तवर झालं म्हंजी फाईल पुरी होती."

"मला आधी मशीन बघायचंय."

"बघा की. तुमचंच हाय." मग जरा थांबून, आवाज खाली आणून, "आन् हे बघा, रखमाजीआप्पाला आम्ही कुणी नाव ठेवत न्हाई. माणूस दमतो. डोळा लागतो. भोंग्याची कटकट नको वाटती. व्हतं असं."

मी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. बोलले असते तर ओरडले असते.

व्हतं असं. आमच्यात माणसाला चोर म्हटलेलं एक वेळ चालतं. 'मेंढरामागं झोपणारा' म्हटलेलं चालत नाही. माझे आजोबा मेंढरं घेऊन कोकणापर्यंत उतरायचे. आप्पा वयाच्या सोळाव्या वर्षापर्यंत त्याच वाटेने चालले. पुढे न्हावऱ्याजवळ तीन एकर जमीन झाली, कळप विकला, आणि आप्पा पारगावचा पूल ओलांडून रोज या केंद्रात यायला लागले. एकोणीस वर्षं कॉम्प्रेसरवर. सकाळी सात ते साडेतीन. गावात आता ज्याच्या त्याच्या तोंडी होतं की रखमाजीनं भोंगा बंद ठेवला व्हता म्हणं. दहाव्याला आलेल्या माणसांनी माझ्या आईसमोर ते म्हटलं, आणि वर देवाची मर्जी म्हटलं. त्या सकाळी मी निघताना आई उंबऱ्यात बसली होती. माझ्या आईचं नाव बयाबाई. तिला सही येत नाही, अंगठा लावते. ती म्हणाली, "कागूद वाचल्याबिगर सही करू नगंस. आन् त्यास्नी झोपाळू म्हणू दिऊ नगंस. येवडंच."

येवडंच.

*

कॉम्प्रेसर ज्या खोलीत आहेत तिला लागून काचेची एक केबिन आहे. ऑपरेटर तिथे बसतो. दूध थंड करायला अमोनिया लागतो, आणि अमोनिया फुटला तर माणसाला दोन श्वासही पुरतात. म्हणून खोलीत आठ ठिकाणी वास ओळखणारे सेन्सर लावलेले, त्यांच्या तारा केबिनमधल्या कॉम्प्युटरला, आणि कॉम्प्युटरवर एक प्रोग्राम: दर सेकंदाला आठही जागांचं माप घ्यायचं, पडद्यावर रेघ काढायची, माप वाढलं की लाल करायचं आणि छतावरचा भोंगा वाजवायचा.

तो प्रोग्राम मी लिहिला होता.

माझ्या कंपनीत मी लागून दोनच वर्षं झाली होती. हे काम आलं तेव्हा साहेबांनी विचारलं, यवत कुठे आलं? मी म्हटलं, माझे वडीलच तिथे ऑपरेटर आहेत. अख्ख्या ऑफिसला गंमत वाटली. मशीन बसवायला मी स्वतः गेले. आप्पा त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आले होते आणि येणाऱ्या जाणाऱ्याला सांगत होते, "हे आमच्या धनूनं केल्यालं हाय. आतलं समदं तिनंच लिवलंय."

केबिनमध्ये मेहमूदचाचा होते. दुसऱ्या पाळीचे ऑपरेटर, दौंडचे. आप्पांची आणि त्यांची साडेतीन वाजताची भेट एकोणीस वर्षांची. अपघातानंतर केंद्र बंद होतं, तरी ते रोज येऊन बसत होते.

"ये पोरी," ते म्हणाले. "मी कुणाला हात लावू दिला न्हाई. जसं व्हतं तसंच हाय. दहा दिवस झाले, रोज येऊन बघतो. हिरवंच हाय."

पडदा हिरवा होता. आठ सरळ रेघा आणि वर माझ्याच हाताने निवडलेल्या मोठ्या अक्षरांत 'ठीक'. मी त्या शब्दाकडे बघत राहिले. मग उजव्या कोपऱ्यात, खाली, बारीक अक्षरांतल्या घड्याळाकडे.

एक वाजून सात मिनिटं.

माझ्या मनगटावर दहा वाजून वीस झाले होते.

"चाचा, हे घड्याळ बघितलं होतंत?"

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. "तूच सांगितलं व्हतं ना आमाला," ते हळूच म्हणाले, "बारीक काय वाचत बसू नका. फक्त रंग बघा. हिरवा असला म्हंजी ठीक."

हो. मीच सांगितलं होतं. दोघांना शेजारी बसवून, शाळेत शिकवतात तसं.

*

मशीन बंद पडलं नव्हतं. पडदा चालू होता, आतला पंखा फिरत होता. कीबोर्ड ओढून मी नोंदींची फाईल उघडली. माझ्या प्रोग्रामची शेवटची नोंद अपघाताच्या दिवशीची, दुपारी एक वाजून सात मिनिटांची. त्यानंतर काही नाही. गॅस फुटला दोन चाळीसच्या सुमाराला. आप्पा तीनचं माप लिहायला दार उघडून आत गेले ते पावणेतीनला.

मग मी ऑपरेटिंग सिस्टिमची स्वतःची नोंदवही उघडली. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे मशीनचा कारभारी. कुणाला किती जागा द्यायची, कुणाचं काम कधी चालवायचं, हे ती ठरवते. तिथे त्याच वेळेची एक ओळ होती. मराठीत सांगायचं तर अशी: मेमरी संपली. ४१२ नंबरचा प्रोग्राम मारला.

४१२ म्हणजे माझा.

इंग्रजीतही शब्द 'मारला' हाच आहे. आम्ही तो दिवसातून दहा वेळा वापरतो, जेवताना, हसताना.

झालं होतं ते इतकं साधं की मला आधी रागही आला नाही. माझा प्रोग्राम दर सेकंदाची मापं मेमरीत साठवत जायचा, मागचा आलेख दाखवता यावा म्हणून. साठवलेलं कधी टाकायचा नाही. रोज थोडी जागा जास्त. आठ-नऊ दिवसांत मशीनची सगळी मेमरी त्याने खाल्ली. आणि प्रत्येक वेळी त्याने जागा मागितली तेव्हा सिस्टिमने हो म्हटलं. शिल्लक नव्हती तेव्हाही हो म्हटलं. तिची रीतच ती आहे: मागेल त्याला कबूल करायचं, आणि सगळ्यांनी एकदम वसुली मागितली नाही तर आपलं निभावेल असं धरून चालायचं. नाही निभावलं, तर सगळ्यात जास्त जागा अडवून बसलेला प्रोग्राम बघायचा आणि मारायचा. आधी एक शब्द न बोलता. त्याच्या हातात काय आहे हे न विचारता.

एक शब्द पुरला असता. जागा कमी होत आलीय, जमेल तेवढी सोड. माझ्या प्रोग्रामने अडवलेल्या जागेतली शंभरातली नव्याण्णव मापं जुनी होती, मागच्या आठवड्याची, कुणालाही नको असलेली. त्याने ती एका क्षणात टाकून दिली असती. भोंगा वाजवायला जेवढी जागा लागते तेवढी एका पोस्टकार्डावर मावेल. पण मारणाऱ्याला हे माहीत नव्हतं, आणि मरणाऱ्याला विचारलं गेलं नाही. मारल्यावरही कुणाला सांगितलं नाही. एक ओळ लिहिली, जिथे कुणी बघत नाही तिथे. पडद्यावर मेलेल्या प्रोग्रामने काढलेलं शेवटचं चित्र तसंच राहिलं. हिरवं. ठीक.

जगातली हुशार माणसं हे बांधतात. मी त्यांचे वाद वाचलेत. कुणाला मारावं याचं गणित कसं सुधारावं यावर पानंच्या पानं. मारायच्या आधी सांगावं, जागा अर्धी उरली तेव्हा एकदा, पाव उरली तेव्हा पुन्हा, आणि ज्याच्या हातात कुणाचा जीव आहे त्याला सगळ्यात शेवटी हात लावावा, एवढं साधं म्हणणाऱ्याला तिथे उत्तर मिळतं की चांगल्या लिहिलेल्या प्रोग्रामला याची गरज पडत नाही.

केबिनमध्ये बसून मी त्या उत्तरावर दात खाल्ले, आणि स्वतःवरही. कारण तेच उत्तर मीही एकदा दिलं होतं.

*

मशीन बसवलं त्या दिवशी डबा खाताना आप्पांनी विचारलं होतं, "ही मेमरी मेमरी म्हंत्यात ती काय अस्ती गं?"

"तळं समजा आप्पा. सगळे प्रोग्राम त्यातनं पाणी घेतात."

"आन् आटलं मंग?"

"सहसा नाही आटत."

"समदी तळी आटत्यात." भाकरीचा तुकडा मोडून त्यांनी ठेचा लावला. "आमच्या म्हाताऱ्याच्या टायमाला चैतात तळ्यावर मेंढरांचा वाडा उतरला की पयल्या दिशी मधी काठी रवायची. पाणी उतरत उतरत काठीची खूण उघडी पडली की म्हातारा समद्यास्नी हाळी द्यायचा. ज्याची जास्तीची मेंढरं असतील त्यानं म्होरल्या गावाला काढा, दुभती आन् पिल्लावाली हितं ऱ्हाऊ द्या. पाणी असतानाच सांगायचं. संपल्यावर सांगून काय उपेग? तुज्या मशीनला हाय का काठी?"

मी हसले. "गरजच नाही आप्पा. तुमच्याकडे रोज लाईट जाते ना? लाईट गेली की मशीन बंद. परत चालू झालं की तळं भरलेलं. तळ गाठायला वेळच मिळत नाही."

"हे बरंय!" आप्पा मेहमूदचाचांना म्हणाले. "लाईट जाती त्याचा बी कुणाला तरी फायदा झाला म्हणायचा."

चाचा म्हणाले, "वीज मंडळाला सत्कार करा म्हणावं."

आम्ही तिघंही खूप हसलो.

पुण्यामुंबईत वाढलेल्या कुणीही ही चूक केली नसती. त्यांनी मशीन वर्षभर चालेल असं धरून लिहिलं असतं. मी इथली. दिवसातून दोनदा लाईट जाणं माझ्यासाठी सूर्य मावळण्यासारखं होतं. मी ते हिशेबात धरलं, पक्का नियम असल्यासारखं, आणि जुनी मापं टाकायचा कोड लिहायचा राहिला तो राहिलाच. नंतर लिहू, असं वहीत लिहून ठेवलं होतं. ती वही अजून आहे.

*

"चाचा, लाईट कधीपासून जात नाहीये?"

"लाईट तर जातीच. पर मशीन बंद न्हाई पडत आता." त्यांनी बोटाने टेबलाखाली दाखवलं. तिथे दोन मोठ्या बॅटऱ्या होत्या, माझ्या गुडघ्याएवढ्या उंच, नव्या कोऱ्या. एकीला हळदकुंकू लावलेलं होतं. "तुज्या बापानं मागून घेतल्या. तीन महिने हौसरावच्या मागं लागला व्हता. म्हणायचा, पोरीचं मशीन रोज दोनदा आचकं खातंय, जीव तुटतो. हौसराव म्हणायचा व्हईल, व्हईल. गॅसच्या मास्कला बी दोन वर्सं हेच, त्यो बघ खिळ्याला फाटकाच. शेवटी आप्पा म्हणाला, बॅटरी येईस्तवर मी तुमच्या केबिनमधनं हालत न्हाई. बसला खुर्ची टाकून. आल्या मग."

"कधी बसवल्या?"

मला उत्तर माहीत होतं. माझ्याच फोनवर आलं होतं. अपघाताच्या नऊ दिवस आधी, सकाळी अकराच्या सुमाराला आप्पांचा फोन: "धनू, आता तुजं मशीन बंद पडायचं न्हाई बघ. कायमचा बंदोबस्त केला." मी मीटिंगला निघाले होते. मी म्हटलं, "छान केलंत आप्पा, संध्याकाळी करते फोन." संध्याकाळी केला नाही.

म्हणजे मला सांगितलं गेलं होतं. काठीची खूण उघडी पडली तेव्हा हाळी आली होती, नेमक्या माणसाला, नऊ दिवस आधी. सिस्टिमने माझ्या प्रोग्रामला सांगितलं नाही म्हणून मी दात खात बसले होते, आणि मला सांगितलं तेव्हा मी छान केलंत म्हणाले.

मला कुणाचा तरी गळा धरावासा वाटत होता. हौसरावांचा, त्या हुशार माणसांचा, पडद्यावरच्या 'ठीक'चा. आणि आप्पांचाही, खरं सांगायचं तर. मागितलं कुणी होतं तुम्हाला? जायची तर जायची लाईट. खाऊ द्यायचे आचके.

चाचा पाणी घेऊन आले. मी ग्लास बाजूला ठेवला आणि परत नोंदींकडे वळले, कारण एक गोष्ट अजून बघायची होती. स्विच.

प्रोग्रामच्या फाईलमध्ये मी वर वर सरकत गेले. त्या दिवशी सकाळी सात वाजून दोन मिनिटं: भोंगा चाचणी, ठीक. आदल्या दिवशी सात वाजून तीन मिनिटं: भोंगा चाचणी, ठीक. त्याच्या आदल्या दिवशी सात वाजून दोन. एक रविवार सुटीचा सोडला तर एकही सकाळ चुकलेली नव्हती. चाचणीचं बटण मी ठेवलं होतं ते आठवड्यातून एकदा दाबण्यासाठी. आप्पा रोज दाबत होते. आणि 'ठीक' ही नोंद भोंग्याच्या तारेतून वीज गेल्याशिवाय होत नाही. स्विच बंद असता तर ती झालीच नसती. शिवाय स्विच हलला तर त्याचीही नोंद पडते. सात वाजून दोनपासून एक वाजून सातपर्यंत तशी एकही नव्हती.

"रोज वाजवायचे?" मी विचारलं.

"रोज म्हंजी? समोरचा हाटेलवाला त्या भोंग्यावर भजी सोडायचा. चिडायचा लई. म्हणायचा, आप्पा, एक दिस तरी गप ऱ्हावा. हा म्हणायचा, पोरीनं आवाज दिलाय मशीनला, तो बसला तर?"

मी दोन्ही फायलींच्या प्रती काढल्या. प्रिंटर केबिनमध्येच होता. सात पानं निघाली.

*

बाहेर येऊन मी साहेबांना पुण्याला फोन केला. सगळं सांगितलं.

"धनश्री, तू आत्ता ज्या मनःस्थितीत आहेस त्यात काही लिहून देऊ नकोस," ते म्हणाले. "नाहीतर असं कर. सिस्टिमवर टाक. मेमरी संपली, ऑपरेटिंग सिस्टिमने प्रोग्राम बंद केला. टेक्निकली खोटं नाही. आणि ती सिस्टिम जगभरच्या लोकांनी मिळून बांधलेली, कुणाच्याच मालकीची नाही, कुणाला त्रास होणार नाही."

मला हे सोयीचं होतं. आप्पांवरचा ठपका पुसला असता आणि माझंही नाव राखलं गेलं असतं. क्षणभर मी ते तोंडात घोळवलं.

"आणि शिक्रापूर?" मी विचारलं. तोच प्रोग्राम आम्ही शिक्रापूरच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये बसवला होता, दौंडच्या बर्फाच्या कारखान्यात आणि आणखी एका ठिकाणी.

"पुढच्या महिन्यात सर्व्हिसिंगला जाऊ तेव्हा बदलून टाकू. फोनवर काही बोलू नकोस. लोक उगाच घाबरतात."

"घाबरायलाच पाहिजेत सर."

"धनश्री."

"पाणी असतानाच सांगायचं असतं," मी म्हणाले आणि फोन ठेवला. त्यांना ते कळलं नसणार.

इन्स्पेक्टर सव्वाबाराला आले. साठीकडे झुकलेले, घामाघूम, बगलेत फाईल. हौसरावांनी चहा मागवला आणि माझ्याकडे बघून हसले. "ताई सही करणारेत. त्यांचंच सॉफ्टवेअर हाय."

मी तो घडी केलेला कागद टेबलावर ठेवला, बिनसहीचा, आणि त्यावर सात पानं ठेवली. इन्स्पेक्टरांना एकेक ओळ बोट ठेवून दाखवली. सात वाजून दोन. एक वाजून सात. मधल्या वेळात स्विच हललेला नाही. त्यांनी तीन वेळा विचारलं, मी तीन वेळा सांगितलं. माझा आवाज चढला नाही, याचं मला नंतर आश्चर्य वाटलं.

"म्हणजे भोंगा चालू होता," ते म्हणाले.

"भोंगा चालू होता. स्विच चालू होता. माणूस जागा होता. वाजवणारा प्रोग्राम दीड तास आधी मेला होता."

"अहो ताई," हौसराव मध्येच म्हणाले, "तुमची नोकरी जाईल अशानं. आप्पा तर गेले. आता त्यांना काय फरक पडतोय?"

मी त्यांच्याकडे वळले. "हौसराव, बॅटरीसाठी माझ्या बापाला तुमच्या केबिनमध्ये खुर्ची टाकून बसावं लागलं. गॅसचा मास्क मागितला होता ना त्यांनी? दोन वर्षांपूर्वी? केबिनच्या खिळ्यावर अजून फाटकाच टांगलाय. तुम्ही काय म्हणाला होतात?"

त्यांनी चहाचा कप इन्स्पेक्टरांपुढे सरकवला.

"मेहमूदचाचा, काय म्हणाले होते हो हे?"

दारात उभे असलेले चाचा जमिनीकडे बघत म्हणाले, "व्हईल."

इन्स्पेक्टरांनी पेनाचं टोपण काढलं. "मास्कचं मी वेगळं लिहितो. आधी हे. कारण काय लिहू? ऑपरेटिंग सिस्टिमचा दोष?"

"तोही लिहा. जागा संपत आल्याचं तिने सांगितलं नाही, मारल्यावरही कळवलं नाही. पण जागा संपवली ती प्रोग्रामने. तो रोज बंद होईल असं धरून लिहिला होता." मी थांबले. पेन थांबलं. "लिहिणाऱ्याचं नाव धनश्री रखमाजी कोळपे."

त्यांनी मान वर केली. "रखमाजी म्हणजे..."

"हो."

त्यांनी लिहिलं. अक्षर किरटं होतं, वेळ लागला. मग कागद माझ्याकडे फिरवला. मी आईने सांगितल्यासारखा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि सही केली.

*

शिक्रापूरचा नंबर माझ्या डायरीत होता. हायवेच्या कडेला लिंबाखाली उभी राहून मी फोन लावला. ट्रकच्या आवाजात काही ऐकू येईना, म्हणून दुसऱ्या कानात बोट घातलं. तिकडे ऑपरेटर होता, बन्सी नावाचा. मशीन बसवताना भेटला होता.

"बन्सीभाऊ, मी धनश्री. ते गॅसचं मशीन बसवलं ती. पडदा बघा जरा."

"बोला म्याडम. हिरवं हाय की. समदं ठीक."

"रंग नका बघू. उजवीकडे खाली घड्याळ आहे, बारीक. किती वाजलेत त्यात?"

"थांबा, वाकावं लागतंय... बारा वाजून छप्पन."

मी मनगटाकडे बघितलं. बारा छप्पन. "बघत राहा. पुढचा आकडा पडला की सांगा."

त्याचा श्वास ऐकू येत होता. अर्धं मिनिट गेलं असेल.

"सत्तावन्न झालं बगा. का ओ, काय झालंय का?"

"झालंय. सांगते. आधी मशीन बंद करा."

"बंद? अन् गॅसचं? साहेबांना इचारतो—"

"माझ्या नावावर करा. बंद करा आणि लगेच परत चालू करा. तेवढा वेळ आत कुणाला जाऊ देऊ नका. रोज सकाळी असंच करायचं, मी नवीन प्रोग्राम घेऊन येईपर्यंत. आणि रंगावर विश्वास ठेवायचा नाही, घड्याळ चालतंय का ते बघायचं. तासाला एकदा. दुसऱ्या पाळीला पण सांगा."

खटका ऐकू आला. मग बराच वेळ काही नाही. चाचा केबिनमधून बाहेर येऊन माझ्याजवळ उभे राहिले होते. दौंडचा नंबर मी डायरीत बोट घालून धरून ठेवला होता, आणि त्याखाली आणखी एक.

"आलं परत," बन्सी म्हणाला. "हिरवं... म्हंजी घड्याळ चालतंय. बारा एकोणसाठ."

"आता भोंग्याचं चाचणीचं बटण दाबा."

"आत्ता? भर दुपारी? समदी पळत येतील ओ म्याडम."

"येऊ देत. दाबा."

भोंगा वाजला. फोनमधून तो बारीक, पत्र्यासारखा ऐकू येत होता. मागे कुणीतरी ओरडलं, कुणीतरी पळालं. मी फोन चाचांच्या कानाला लावला. त्यांनी ऐकलं, मान हलवली आणि परत दिला.

आवाज थांबेपर्यंत मी तो कानाशी धरून ठेवला. मग दौंडचा नंबर फिरवला.